बंसीलाल डावरा होता

कूलरला खसचे, म्हणजे वाळ्याचे, नवे पॅड बसवले, टाकीत पाणी भरलं आणि बटण दाबलं की घरभर एक ओला, मातकट वास सुटतो. लहानपणी त्या वासाची मी वाट पाहायचे. परीक्षा संपलेल्या असायच्या, दुपारी पडदे ओढून घेतलेले असायचे आणि आई कैरीचं पन्हं करून माठाशेजारी ठेवायची. आता तोच वास आला की माझ्या छातीत धडधडतं. उन्हाळा तोच, इंदूरच्या सुदामा नगरातलं घर तेच, कूलरसुद्धा तोच जुना, घरघर करणारा. धडधड तेवढी नवी आहे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच वासात बसून आम्ही, म्हणजे बाबा आणि मी, ‘चुंगी नाका’चा शेवटचा सीझन पाहिला होता.

बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्टर होते. पंपाचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे. ते एकेक भाग हातात घेऊन गेज लावायचे, उजेडात फिरवून पाहायचे आणि जो पसंत पडायचा नाही त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका पडला की विषय संपला, मग मॅनेजर येवो नाही तर मालक. रिटायर झाले तरी तो ठिपका त्यांच्या बोटातून गेला नाही. भाजीवाल्याची भेंडी, शेजारच्यांच्या लग्नाची पत्रिका, माझ्या पोळीची कड, सगळं त्यांच्या इन्स्पेक्शनमधून जायचं. आई होती तेव्हा ती म्हणायची, “मला कसं पास केलंत, तेच समजत नाही.” बाबा म्हणायचे, “त्या दिवशी गेज घरी राहिलं होतं.”

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी राऊच्या एका कॉलेजात शिकवते. सकाळी स्कूटरवरून जाते, दुपार कलली की परत येते. संध्याकाळी काय बोलायचं हा प्रश्न पडायला लागला तेव्हा ‘चुंगी नाका’ सापडली. मालिका हिंदी. डोंगरातल्या एका आडरस्त्यावरचा जुना जकातनाका, त्याचा नाकेदार बंसीलाल, त्याची मुलगी चंदा, आणि समोरच्या टपरीवर चहा विकणारा लच्छू. बंसीलालचा धाकटा भाऊ लहानपणी भांडून याच रस्त्याने निघून गेलेला. तो येईल तेव्हा नाक्यावर घरचं कोणी तरी असायला हवं, म्हणून बंसीलाल बदली नाकारत राहतो. एवढीच गोष्ट. पण तिने सगळ्या देशाला वेड लावलं होतं. आमच्या गल्लीत तर कोणी उशिरा आलं की लोक विचारायचे, “क्यों, नाके पे रोक लिया था क्या?”

आमच्याकडे ती पाहण्याचे नियम होते. सगळे भाग एकदम आले असले तरी रोज एकच पाहायचा. साडेसातला. मधे वाटीत शेव, त्यावर थोडा बारीक कांदा. भाग संपला की बाबा निकाल द्यायचे, पास किंवा रिजेक्ट, आणि कारणं सांगायचे. सगळ्यांत कडक नियम म्हणजे भाग चालू असताना बोलायचं नाही. तो माझ्याच्याने कधी पाळला गेला नाही. “अय्या, हा आता खोटं बोलणार बघा,” “चंदाची ओढणी काय छान आहे,” असं काहीबाही माझं चालूच. बाबा स्क्रीनवरची नजर न हलवता ओरडायचे, “चूप ना गं, डायलॉग जातो माझा!” मी हसायचे. मग जरा वेळाने पुन्हा बोलायचे. खरं सांगायचं तर ते ओरडणं ऐकायलाच मी निम्मं बोलत असे.

शेवटच्या सीझनच्या आधी मोठा खंड पडला. येणार, येणार म्हणत लांबत गेला. त्याच मधल्या काळात एका रविवारी बाबा नेहमीसारखे पोहे-जलेबी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. म्हणाले, “दुकान नाही तिथे.” मी म्हटलं बंद असेल. “बंद नाही गं. नाहीच आहे. तिथे दुसरंच काही तरी आहे.” मी स्कूटर काढून गेले. दुकान होतं तिथेच होतं. कढईसमोर गर्दी होती, पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरला जात होता. मी पोहे घेतले आणि घरापर्यंत येताना काय सांगायचं ते जुळवत राहिले. घरी आले तर बाबांनी ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. “मिळाले? गुड,” म्हणाले आणि खायला लागले. मी माझे पोहेही त्यांच्याच ताटलीत वाढले.

डॉक्टरांनी त्यांना चित्रं दाखवली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबा चिडले. मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, “अभी शुरुआत भी हो सकती है, उमर भी हो सकती है। आप बस नज़र रखिए।” एवढंच. गोळ्या फारशा नाहीत, पथ्य नाही. नजर ठेवा. मी आज्ञाधारक मुलगी. मी नजर ठेवायला लागले. ते चहात साखर किती घालतात, चप्पल कोणत्या पायात आधी घालतात, शेजाऱ्याला नावाने हाक मारतात की नुसतं “भिया” म्हणतात. इंदूरमध्ये सगळ्यांनाच भिया म्हणतात, त्यातून काय कळणार? पण माझ्या जिवाला घोर लागायचा.

एका गोष्टीत मात्र बाबा पक्के होते, ती म्हणजे ‘चुंगी नाका’. कोणत्या भागात जीप बंद पडली, लच्छूने कोणाला उधार चहा नाकारला, चंदा कोणत्या शाळेत जायची, सगळं तोंडपाठ. मी मनाशी एक हिशेब ठरवून टाकला होता, वेडा, कोणाला सांगण्यासारखा नसलेला. जोवर बाबांना नाका आठवतो आहे तोवर काळजी नाही. म्हणून शेवटच्या सीझनची तारीख जाहीर झाली तेव्हा सगळे नाचत होते आणि मला मात्र पेपर जवळ आल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी कूलर नुकताच सुरू केला होता. शेवेची वाटी मधे. पडद्यावर बंसीलाल टेबलाशी बसला, पेन उचललं, सही केली. बाबा एकदम पुढे सरकले.

“हा डावरा होता.”

मी शेव तोंडात टाकत होते.

“बंसीलाल डावरा होता गं. याने उजव्या हाताने सही केली.” मग माझ्याकडे पाहून, आवाज जरा खाली आणून, “होता ना? डावराच होता ना?”

मला आठवेना. इतके सीझन पाहिले, ओढणीचे रंग आठवतात, पण हा माणूस कोणत्या हाताने लिहायचा ते मला सांगता येईना. बाबांनी कधी मला असं विचारलं नव्हतं. ठिपका देणारा माणूस ठिपका द्यायच्या आधी दुसऱ्याला विचारत नसतो. मी “बघते हं” असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी त्यांनी निकाल दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तास संपल्यावर मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर जुना भाग लावला. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मॅडमना झालंय काय? बंसीलाल आला, खुर्ची ओढली, टोपी काढली, आणि डाव्या हाताने पेन उचललं. डाव्या! मी एवढ्या जोरात “हो!” म्हटलं की पेपर तपासणाऱ्या बाईंनी मान वर केली. डोळे भरून आले होते. मला सर्दी झाली आहे असं सांगून मी बाहेर पडले.

घरी येताच चप्पलसुद्धा न काढता सांगितलं, “बाबा, डावराच होता! चूक त्यांची आहे.” बाबांचा चेहरा उजळला. “मग? मी काय म्हणत होतो!” त्यांनी हवेतच बोटाने ठिपका दिला. “रिजेक्ट.”

त्यानंतर जे सुरू झालं ते गमतीचं होतं, म्हणजे आज गमतीचं वाटतं. चाहते खवळले होते. जो तो मोबाइलवर तावातावाने लिहीत होता. लिहिणारे बदलले म्हणे, घाईघाईत उरकलं म्हणे, नाक्याचा डोंगरच वेगळा दिसतो म्हणे. लोक संतापायचे आणि मी प्रत्येक तक्रार हरखून वाचायचे. बाबांनी रात्रीच्या जेवणाला काढलेली खोट सकाळी दहा ठिकाणी लिहिलेली सापडायची. सीझन जितका वाईट, तितके माझे बाबा बरे. अख्ख्या देशात या मालिकेच्या चुकांवर जगणारी मी एकटीच असेन.

आमचा राजू भिया कूलरवाला. उन्हाळ्यात कूलर, एरवी घरगुती वायरिंग, आणि बारमाही ‘चुंगी नाका’. पाण्याचा पंप दुरुस्त करायला आला तेव्हा पाने-पकड बाजूला ठेवून बाबांसमोर उकिडवा बसला.

“काकाजी, देख रिये हो क्या कर दिया?”

“बिलकुल. वो जीप देखी? पहिल्या सीझनमध्ये मागचा दिवा फुटलेला होता. आता साबूत!”

“अरे वाह काकाजी! ये तो अपन ने भी नी पकड़ा। आपका दिमाग है कि क्या है!”

मी दारात उभी होते. राजूला मिठी मारावीशी वाटली. त्याला चहाबरोबर बळेच दोन कचोऱ्या खायला घातल्या.

मग चंदाचा भाग आला. दार उघडतं, चंदा शहरातून परत येते, बंसीलाल तिला जवळ घेतो. बाबा म्हणाले, “ही कोण?”

“चंदा, बाबा.”

“ही चंदा नाही.”

मला माहीत होतं की नटी बदलली आहे, सकाळीच वाचलं होतं. तरी ते तीन शब्द ऐकून मी टीव्हीचा आवाज कमी केला. मी घाईने सांगितलं की जुनीने काम सोडलं, म्हणून नवी घेतली. बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, पण ते दुसऱ्याच विचारात होते. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, तरी टीव्हीकडे पाहत राहिले.

“कोणीच काही बोललं नाही, बघितलंस? लच्छू तिला चंदाच म्हणतो, तिचे शाळेतले मास्तर चंदाच म्हणतात. सगळे मानून चालले की हीच ती.” मग म्हणाले, “त्या बंसीलालचा विचार कर मेधू. त्याला एकट्याला दिसत असेल की ही ती नाही. पण बाकी सगळे म्हणतायत तीच. मग त्याने काय समजायचं? की आपलंच डोकं फिरलंय?”

बाहेर माळव्यातली संध्याकाळची झुळूक सुटली होती. आमच्याकडे दिवसभर कितीही तापलं तरी त्या वेळेला गार होतं. मला घाम फुटला होता. बाबांना माहीत होतं. मी नजर ठेवून होते तसेच तेही स्वतःवर नजर ठेवून होते, आणि आम्ही दोघं एकमेकांना न सांगता ही मालिका पाहत होतो.

पाहत होतो म्हणजे बाबा पाहत होते. मी त्यांना पाहत होते. माझी खुर्ची मी हळूहळू तिरकी करत नेली होती, टीव्ही अर्धा आणि बाबा पूर्ण दिसतील अशी. ते कुठे अडखळतात, कुठे भुवया जुळतात, कुठे विचारायला तोंड उघडून पुन्हा मिटतात. त्या सीझनमधलं मला काही विचारा, धड सांगता येणार नाही. बाबांच्या कानशिलाजवळची शीर कशी हलायची ते सांगेन. मी बोलणंही बंद केलं होतं. त्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. ओढणी नाही, अय्या नाही. बाबांचा सगळ्यांत कडक नियम मी पाळायला लागले होते आणि ते त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले.

शेवट जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी लच्छू टपरीवर चहा गाळत होता. बाबा म्हणाले, “हा तर मेला होता.”

“कोण?”

“लच्छू. पुरात वाहून गेला होता. टपरीसकट. चंदा किती रडली होती. आता जिवंत कसा?” आणि विजयी मुद्रेने, “रिजेक्ट!”

मी दुसऱ्या दिवशी शोधलं. सगळे सीझन पालथे घातले. पूर होता. टपरी वाहून गेली होती. लच्छू त्या दिवशी बाजारात गेला होता म्हणून वाचला होता, आणि चंदा रडली होती ती आनंदाने. ती तक्रार इंटरनेटवर कोणाचीच नव्हती. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि राऊहून घरापर्यंत स्कूटर फार हळू चालवली. मागून हॉर्न वाजत होते.

बाबा दारातच होते. “मग? काय निघालं?”

“तुमचं बरोबर आहे बाबा. मेला होता लच्छू. विसरले ते लोक.”

“मी म्हणालोच होतो,” ते म्हणाले, आणि शेवेचा डबा काढायला आत गेले.

शेवटच्या भागाने सगळ्यांची घोर निराशा केली. बंसीलाल एका सकाळी उठतो, नाक्याची किल्ली नव्या ठेकेदाराच्या हातात देतो आणि जीपमध्ये बसून निघून जातो. भावाचं काय झालं? उत्तर नाही. इतकी वर्षं कशासाठी थांबला होता? उत्तर नाही. रस्त्यावरचा दांडा वर जातो, धूळ उडते, समाप्त. आमच्या गल्लीतून, इकडच्या तिकडच्या घरांतून, एकाच वेळी “अरे यार!” असं ऐकू आलं. मी बाबांकडे पाहत होते. मला ठिपका हवा होता. रागावलेले, खणखणीत आवाजातले, कारणांची यादी देणारे बाबा हवे होते.

बाबांनी उरलेली शेव वाटीत गोळा केली. मग म्हणाले, “थकले असतील बिचारे लिहिणारे. शेवटी शेवटी सगळे धागे हातात राहत नाहीत, बेटा. जाऊ दे.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नापास माल सोडून दिला. त्यांच्या त्या दयेची मला भीती वाटली, कोणत्याही विसरण्यापेक्षा जास्त.

पुढे कित्येक दिवस लोक लिहीत राहिले की या शेवटाने आधीचं सगळं मातीत घातलं, आता पहिला सीझनसुद्धा बघवत नाही. इतके दिवस ज्यांच्या तक्रारींवर मी जगले, त्यांचाच मला राग यायला लागला. असं कसं म्हणता? ज्या संध्याकाळी हसलात, रडलात, त्या झाल्याच ना? शेवटी कोणाच्या हातून धागे सुटले म्हणून आधीचं विणलेलं उसवतं का? मी एकीला असं उत्तरही लिहायला घेतलं होतं. मग लक्षात आलं की मी तिच्याशी बोलत नाहीये, आणि लिहिलेलं पुसून टाकलं.

आता बाबांना दुकानं सापडत नाहीत म्हणून मी त्यांना एकटं सोडत नाही. सकाळी मी कॉलेजला गेले की एक मावशी येतात. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की ते अजून डबा घेऊन फाटकाशी उभे राहतात, तेवढं पक्कं आहे. बाकी कमी कमी होत चाललंय. परवा रविवारी राजू भिया पॅड बदलायला आला. नवं खस पसरलं होतं, पाण्याची बादली मधे होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, तिरक्या खुर्चीत. बाबा राजूचं काम न्याहाळत होते. मग हळूच त्याच्याकडे वाकून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“राजू, ये नई वाली आई है क्या?”

“कौन काकाजी?”

त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “ही. पहले वाली अच्छी थी. हसायची. बडबड करायची मधे मधे, मी ओरडायचो. ही नुसती बघत बसते.”

राजूचा हात पॅडवर तसाच राहिला. तो माझ्याकडे पाहीना. मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं, पण रडण्याच्या आधी दुसरंच काही तरी झालं. मी इन्स्पेक्टरची मुलगी. बाबांनी खोट काढली की ती तपासायची, ही मला सवय. मी तपासलं. या दोन वर्षांत या खोलीत मी कधी हसले? कधी काही बडबडले? एकही संध्याकाळ सापडेना. बाबांची तक्रार बरोबर होती. आधीची बदलली होती, आणि कोणीच काही बोललं नव्हतं.

“सही पकड़े काकाजी,” राजू घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि बादली उचलून बाहेर गेला.

त्या संध्याकाळी कूलरचा वास घरभर पसरला होता आणि छाती धडधडत होती. मी वाटीत शेव काढली, कांदा बारीक चिरला. खुर्ची सरळ केली, टीव्हीकडे तोंड करून, बाबांना लागून. ‘चुंगी नाका’, पहिला सीझन, पहिला भाग. धुकं, डोंगर, आणि पिवळी जीप घाट चढून येते. बाबा काय करतायत ते मला दिसत नव्हतं. मान वळवावीशी फार वाटली. नाही वळवली.

चंदा आली. तीच, आधीची.

“अय्या,” मी म्हणाले, आवाज जरा फाटलाच, “हिची ओढणी काय गोड आहे बघा. आणि हा लच्छू, हा आता खोटं बोलणार बघा, याच्या तोंडावरच—”

“चूप ना गं!” शेजारून आवाज आला. “डायलॉग जातो माझा!”

मी गप्प बसले नाही. बोलतच राहिले.